हवाई अंतर ६२० किलोमीटर, व्यापारी अंतर किती?

लेह आणि दिल्लीच्या उदाहरणावरून कापड व्यापाऱ्यांसाठी एक धडा

व्यापारी बांधवहो, आपल्या बाजारात अंतराविषयी बोलण्याची एक सवय पडून गेली आहे. "लेह ना? दिल्लीहून विमानाने सव्वा तास!" असे कुणीतरी म्हणतो आणि ऐकणारा त्यावर सौद्याची मुदत कबूल करून बसतो. सव्वा तास ही गोष्ट खोटी नाही. पण तो प्रवाशाचा सव्वा तास आहे, मालाचा नव्हे. प्रवासी आपल्या पायाने विमानात चढतो. माल कुणीतरी चढवावा लागतो, आणि जागा कमी पडली की पहिल्यांदा तोच उतरवला जातो.

आमच्या ओळखीचे एक व्यापारी आहेत. त्यांनी दिल्लीच्या एका हिवाळी प्रदर्शनासाठी लेहहून शाली आणि मोजे-टोप्यांचा माल बोलावला. प्रदर्शन शुक्रवारी सुरू होणार, म्हणून मंगळवारी माल विमानतळावर पोहोचवला. मध्ये तीन दिवस होते, म्हणजे त्यांच्या हिशेबाने भरपूर. पण एक दिवस बर्फामुळे विमान उतरले नाही. दुसऱ्या दिवशी अडकलेले प्रवासी आधी गेले. तिसऱ्या दिवशी अर्धा माल आला आणि उरलेला अर्धा प्रदर्शन निम्मे उरकल्यावर. दुकानाच्या जागेचे भाडे पूर्ण गेले, विक्री अर्धीच झाली. त्या मालामागे लेहच्या ज्या विणकर बाया होत्या, त्यांचे उरलेले पैसेही महिनाभर लांबले. अंतर चुकीचे मोजले की नुकसान एकट्या व्यापाऱ्याचे होत नाही, ते थेट कारागिराच्या चुलीपर्यंत जाते. म्हणून आज आपण अंतर मोजायला शिकू.

हवाई अंतर स्वतः काढा

हे काम अवघड नाही. शाळेतला भूगोल आठवला तरी पुरे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दिल्लीचा विमानतळ २८.५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, लेहचा ३४.१४ अंशावर. फरक झाला ५.५८ अंशांचा. याला १११ ने गुणले की सुमारे ६१९ किलोमीटर येतात.

आता पूर्व-पश्चिम फरक पाहू. दिल्ली ७७.१० रेखांशावर, लेह ७७.५५ वर. म्हणजे लेह दिल्लीच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला आहे, किंचित पूर्वेकडे सरकलेले. हा फरक जेमतेम ४२ किलोमीटरचा आहे. त्यामुळे तिरके अंतर मोजले तरी ते ६२० किलोमीटरच्या आसपासच राहते.

तुलनेसाठी मुंबई-दिल्ली हवाई अंतर घ्या. ते सुमारे १,१४० किलोमीटर आहे. म्हणजे दिल्लीहून लेह हे मुंबईच्या मानाने जवळजवळ निम्म्या अंतरावर आले! नकाशा असे म्हणतो. पण सोलापूर किंवा भिवंडीचा माल दिल्लीला पाठवणारा कुणीही व्यापारी सांगेल, की दिल्लीपर्यंत माल नेणे सोपे आणि तिथून पुढचे "निम्मे" अंतर कठीण.

एकच अंतर, दोन शहरे

याहून चांगला दाखला श्रीनगरचा आहे. दिल्ली-श्रीनगर हवाई अंतर सुमारे ६४० किलोमीटर आहे, दिल्ली-लेह सुमारे ६२०. म्हणजे आकाशातून पाहिले तर लेह श्रीनगरपेक्षा दिल्लीला थोडे जवळच आहे. मग दोघांचे व्यापारी अंतर सारखे आहे का? मुळीच नाही. चार गोष्टी एकमेकांशेजारी ठेवून पाहा.

पहिली, उंची. श्रीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५५ मीटरवर आहे, लेहचा ३,२५६ मीटरवर. जवळजवळ दुप्पट.

दुसरी, सडक. दिल्ली ते श्रीनगर रस्त्याने सुमारे ८०० ते ८५० किलोमीटर. दिल्ली ते लेह मनालीमार्गे सुमारे ९७० किलोमीटर, श्रीनगरमार्गे सुमारे १,२५० किलोमीटर.

तिसरी, रेल्वे. ६ जून २०२५ रोजी कटरा-श्रीनगर गाडी सुरू झाली आणि काश्मीर खोरे देशाच्या रेल्वेला जोडले गेले. लेहला रेल्वे नाही.

चौथी, मोसम. श्रीनगरची सडक हिवाळ्यात अडते, पण पुन्हा खुली होते. लेहच्या सडकेवरच्या उंच खिंडी हिवाळ्यात बर्फाखाली जातात.

हवाई किलोमीटर जवळजवळ सारखे, पण एका शहराला तीन वाटा आणि दुसऱ्याला कधी दोन, कधी एकच. यातून आजच्या धड्याचा पहिला कायदा निघतो : किलोमीटर मोजण्याआधी वाटा मोजा.

जुने लोक काय करीत?

आपले जुने व्यापारी किलोमीटर मोजतच नसत. ते पडाव मोजत. लेह ही एके काळी मध्य आशियाच्या तिजारतीची मोठी मंडी होती. यारकंदचे काफिले ५,५४० मीटर उंचीची काराकोरम खिंड ओलांडून लेहला येत. श्रीनगरहून लेहला पोहोचायला सोळा-अठरा पडाव लागत. लडाखमधली पश्म काश्मीरच्या व्यापाऱ्यांनीच घ्यावी, असा हक्क १६८४ च्या तिंगमोसगंगच्या तहाने ठरला होता. त्या काळापासून चांगथांगच्या पठारावरच्या बकऱ्यांची पश्म लेहमार्गे श्रीनगरच्या चरख्यांपर्यंत आणि मागांपर्यंत जात आली आहे.

त्या व्यापाऱ्यांना अंतर दिवसांत कळत होते. कुठल्या महिन्यात किती पडाव, कुठे घोडा बदलायचा, कुठे बर्फासाठी थांबायचे, हे सगळे त्या "पडाव" शब्दात येत असे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डकोटा विमान उतरवले आणि हे शहर आकाशातून देशाशी जोडले गेले. तेव्हापासून आपण तासांत बोलू लागलो. बोलायला हरकत नाही, पण हिशेब अजूनही दिवसांतच ठेवावा लागतो.

लेहचे विमान असे का वागते?

विमान हवेच्या आधारावर उडते. हवा जितकी दाट, तितका आधार जास्त. लेहच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश ते पाऊणच असते. त्यात ऊन वाढले की हवा आणखी पातळ होते. पातळ हवेत इंजिनाचा जोर कमी पडतो, पंखांना उचल कमी मिळते आणि धावपट्टी जास्त लागते. धावपट्टी तर वाढवता येत नाही. मग एकच उपाय राहतो, तो म्हणजे वजन कमी करणे. प्रवासी उतरवणे कठीण, इंधन कमी करायला मर्यादा आहे. म्हणून आधी माल मागे राहतो.

दुसरे कारण वाऱ्याचे. दुपारनंतर सिंधू नदीच्या खोऱ्यात वारे जोर धरतात आणि चारही बाजूंना डोंगर आहेत. त्यामुळे लेहची प्रवासी विमाने बहुतांशी सकाळीच येतात आणि जातात. मुंबई-दिल्लीसारखे "सकाळचे चुकले तर संध्याकाळचे आहे" असे इथे धरून चालता येत नाही. सकाळ गेली की दिवस गेला, असे समजून चालावे.

तिसरी गोष्ट लोकांना नवलाची वाटते. लेहला हिवाळ्यात बर्फाने विमाने रद्द होतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण २०२४ च्या जुलैअखेर तिथे उष्णतेमुळे सलग काही दिवस विमाने रद्द करावी लागली होती. म्हणजे "उन्हाळ्यात काही अडचण नाही" हा भरवसाही पुरा नाही.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवा. उड्डाण करताना वजनाची अडचण सर्वांत जास्त असते. म्हणून दिल्लीहून लेहला जाणाऱ्या मालापेक्षा लेहहून निघणाऱ्या मालाला थांबावे लागण्याचा धोका जास्त. पश्मिन्याचा, लोकरीचा, जर्दाळूचा माल लेहहूनच निघतो. जाण्याचे आणि येण्याचे अंतर सारखे धरू नका.

सडकेचे अंतर मोसमाप्रमाणे

मनाली-लेह रस्त्यावर बारालाचा, लाचुलुंग आणि तंगलंग अशा उंच खिंडी आहेत. तंगलंग ला ५,३२८ मीटर उंच आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने घटले. पण पुढच्या खिंडी आहेत तिथेच आहेत. त्यामुळे हा रस्ता साधारणपणे नोव्हेंबरच्या सुमारास बंद होतो आणि एप्रिल-मेमध्ये खुला होतो.

श्रीनगर-लेह रस्त्यावर ३,५२८ मीटर उंचीची जोजी ला आहे. पूर्वी ही खिंड पाच-सहा महिने बंद राहत असे. अलीकडे सीमा सडक संघटनेने हा काळ पुष्कळ कमी केला आहे. २०२३ मध्ये ती ६८ दिवसांनी खुली झाली. १३ जानेवारी २०२५ रोजी सोनमर्गचा बोगदा खुला झाला. जोजी लाच्या पोटातून तेरा किलोमीटरहून लांब बोगदा खोदला जात आहे. तो पुरा होईल तेव्हा लेहचे व्यापारी अंतर खरोखर घटेल, जरी हवाई अंतर तेच ६२० राहील.

म्हणून लेहचा हिशेब बारा महिन्यांचा एकच ठेवू नये. जून ते सप्टेंबर एक हिशेब, खिंडी बंद असतानाचा दुसरा आणि बर्फ पडायच्या-वितळायच्या मधल्या आठवड्यांचा तिसरा. तिसरा काळ सर्वांत फसवा असतो. रस्ता "चालू" असतो, पण ट्रक तीन-तीन दिवस रांगेत उभे असतात.

कोणता माल वरून, कोणता खालून?

आता मुख्य हिशेबाकडे येऊ. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. दर रोज बदलतात, ते आपल्या कार्गो एजंटकडून ताजे घ्यावेत.

समजा, सडकेपेक्षा विमानाने माल पाठवायला किलोमागे ६० रुपये जास्त पडतात. आता दोन माल घ्या. एक सोलापुरी टॉवेल, ज्याची किंमत किलोला ४०० रुपये धरू. साठ रुपये म्हणजे किमतीच्या १५ टक्के. टॉवेलच्या धंद्यात एवढा नफाच कुठे असतो? हा माल लेहच्या हॉटेलवाल्यांना द्यायचा असेल तर मोसम सुरू होताच ट्रकने पाठवावा, किंवा आदल्या सप्टेंबरातच तिथे भरून ठेवावा.

दुसरा माल पश्मिना शाल. एक शाल २०० ग्रॅमची, किंमत ८,००० रुपये धरू. एका किलोत पाच शाली, म्हणजे किलोला ४०,००० रुपये. इथे तेच साठ रुपये म्हणजे शेकडा पंधरा पैसे. ही रक्कम नफ्याला जाणवतही नाही. उलट तोच माल ट्रकने दहा-बारा दिवस फिरवला तर भांडवल तितके दिवस अडकते. मोसमात चार फेरे व्हायचे तिथे तीनच होतात. एक फेरा कमी झाला की त्या फेऱ्याचा सगळा नफा गेला. भाड्यात वाचवलेले पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

यातून दुसरा कायदा : भाडे किलोमीटरवर तोलू नका, मालाच्या किलोमागच्या किमतीवर तोला.

पण थांबा, विमानवाले वजन दोन प्रकारे काढतात. एक तराजूचे, दुसरे आकाराचे. जे जास्त भरेल त्याचे भाडे लागते. आकाराचे वजन काढायची रीत अशी : खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा आणि ६,००० ने भागा. कुरिअरवाले बहुधा ५,००० ने भागतात, म्हणून आधी विचारून घ्यावे.

साठ शालींचे खोके घ्या. तराजूवर माल १२ किलो. खोके ६० × ४५ × ४० सेंटिमीटरचे. गुणाकार १,०८,०००, त्याला ६,००० ने भागले की १८ किलो. म्हणजे माल १२ किलोचा आणि भाडे १८ किलोचे. कुरिअरने पाठवला तर २१.६ किलोचे. फुगीर घडी आणि मोठे खोके यांमुळे दीडपट भाडे जाते. घडी सपाट करा, खोके मालाच्या मापाचे घ्या. मात्र शाल गाठीसारखी दाबून बांधू नका, पश्मिन्याची घडी कायमची पडते.

ई-वे बिलातले अंतर

अंतर हा शब्द आता कायद्याच्या कागदावरही आला आहे. १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांहून जास्त किमतीचा माल नेताना ई-वे बिल लागते. नोंदणीतून सूट असलेला कारागीर हस्तकलेचा माल दुसऱ्या राज्यात पाठवीत असेल, तर किंमत त्याहून कमी असली तरी हे बिल लागते. ही गोष्ट आपल्या पुष्कळ कारागीर बांधवांना ठाऊक नसते.

या बिलाची मुदत अंतरावर ठरते. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो. दिल्ली-लेह मनालीमार्गे ९७० किलोमीटर धरले तर मुदत पाच दिवसांची. आता दरड कोसळून ट्रक सहा दिवस अडकला तर? बिल वाटेतच संपते आणि पुढच्या नाक्यावर मालाची अडवणूक होऊ शकते. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. पण डोंगरात ड्रायव्हरच्या फोनला रेंज नसते. म्हणून ही जबाबदारी ड्रायव्हरवर सोडू नका. तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा आणि ट्रान्सपोर्टच्या कचेरीकडून वेळेत वाढवून घ्या.

विमानाने माल पाठवला तरी ई-वे बिल सुटत नाही. त्यात एअरवे बिलाचा क्रमांक आणि तारीख भरावी लागते. शिवाय दुकान ते विमानतळ आणि विमानतळ ते गोदाम हे दोन तुकडे सडकेचेच असतात.

सौदा लिहिताना

आता हे सगळे सौद्यात कसे उतरवायचे ते सांगून आम्ही हा धडा पुरा करतो. लेहसारख्या गावाशी व्यवहार करताना आम्ही पाच गोष्टी कागदावर घेतो.

१) पोहोचण्याची तारीख लिहिताना विमानाचा वेळ धरत नाही. माल विमानतळावर दिल्यापासून उन्हाळ्यात किमान चार दिवस आणि हिवाळ्यात किमान आठ दिवस धरतो. माल लवकर आला तर तक्रार कुणाचीच नसते.

२) माल "दिला" असे केव्हा समजायचे ते लिहून घेतो. लेहच्या विमानतळावर दिला की दिल्लीच्या दुकानात पोहोचला की? मधल्या दिवसांची जोखीम कुणाची, हे त्या एका ओळीवर ठरते.

३) कारागिराची मजुरी माल पोहोचण्याशी बांधत नाही. त्याने काम पुरे करून दिले की त्याचा हक्क झाला. बर्फ पडले हा त्याचा दोष नव्हे. वाटेतला उशीर व्यापाऱ्याने सोसावा, कारण वाटेतला नफाही त्याचाच असतो.

४) सगळा माल एका विमानाने पाठवत नाही. दोन किंवा तीन भाग करून दोन-तीन सकाळींत विभागतो. प्रत्येक भागात प्रत्येक प्रकारचा थोडा माल ठेवतो, म्हणजे एक भाग मागे राहिला तरी दुकान रिकामे दिसत नाही.

५) किमती मालाचा वाहतूक विमा उतरवतो किंवा पर्यायी बंदोबस्त करतो, आणि त्याचा खर्च सुरुवातीलाच किमतीत धरतो.

बांधवहो, हा धडा लेहपुरता नाही. आपण श्रीनगरला, इटानगरला, पोर्ट ब्लेअरला किंवा आखाती देशांत माल पाठवत असाल, तरी हिशेब हाच. आधी नकाशावरचे अंतर काढा, मग वाटा मोजा, मग मोसम पाहा, मग किलोमागची किंमत आणि शेवटी मुदत लिहा. या क्रमाने गेलात तर जे अंतर निघेल ते किलोमीटरमध्ये नसेल, दिवसांत आणि रुपयांत असेल. दिल्ली आणि लेहमधले ६२० किलोमीटर कुणाला बदलता येणार नाहीत. पण आपल्या वहीत त्यांचे किती दिवस लिहायचे, हे आपल्या हातात आहे. ग्राहकाला तारीख कबूल करण्याआधी ते लिहून पाहावे, एवढीच आमची विनंती.